लॉगिनचं नंतर बघू, आधी लिंका नीट ठेवा

वर्गाच्या ग्रुपवर येणाऱ्या अभ्यासाच्या लिंका एका जागी ठेवणारं अ‍ॅप बनवताय? मग लॉगिन आणि डॅशबोर्ड राहू द्या बाजूला. आधी तीन टेबलं करा: विषय, तास, लिंक. सुरुवातीला एसक्यूलाइट (एकाच फाइलमध्ये मावणारा छोटा डेटाबेस) पुरतं. पीडीएफ डेटाबेसमध्ये कोंबू नका. फाइल गूगल ड्राइव्हवरच राहू द्या, आपण फक्त पत्ता ठेवायचा.

खरी मेख यूआरएलमध्ये, म्हणजे लिंकच्या पत्त्यात आहे. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तीच लिंक चारदा येते, म्हणून डुप्लिकेट पकडायला लोक प्रश्नचिन्हापुढचं सगळं उडवतात. मग यूट्यूबच्या वॉच लिंकमधला व्हिडिओ आयडी जातो आणि झूमचा पासवर्डही, कारण दोन्ही तिथेच असतात. प्रश्नचिन्हापुढच्या या तुकड्यांना पॅरामीटर म्हणतात. त्यातले फक्त ‘यूटीएम’ने (utm) सुरू होणारे आणि यूट्यूबचा ‘एसआय’ (si) काढा; ते लिंक कुठून आली याचा माग ठेवायला असतात. बाकीच्यांना हात लावू नका.

मेलेल्या लिंका शोधताना सर्व्हरच्या नुसत्या २०० कोडवर (‘पान मिळालं’ असं सांगणारा आकडा) भरवसा नको. ड्राइव्हची खासगी फाइल बऱ्याचदा लॉगिनच्या पानावर नेते आणि ते पान इमानदारीत २०० देतं! रीडायरेक्टनंतर, म्हणजे लिंकने दुसऱ्या पानावर वळवल्यावर, शेवटी कुठला पत्ता आला ते बघा.

मराठी शीर्षकांना साठवताना आणि शोधताना, दोन्ही वेळी एनएफसी नॉर्मलायझेशन लावा, म्हणजे एकच अक्षर वेगवेगळ्या प्रकारे टाइप झालं तरी एकाच रूपात येतं. नाहीतर एका कीबोर्डचा ‘ऱ’ दुसऱ्याच्या ‘र’ अधिक नुक्त्याशी (अक्षराखालच्या टिंबाशी) जुळत नाही. वर्गाच्या तासाची वेळ यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत) ठेवा, दाखवताना भारतीय वेळेसाठी साडेपाच तास मिळवा.