वाचकांचे प्रश्न : रिंगणाच्या फाटकाशी अडणारी घोडी

प्रश्न : मी मुंबईतील एका रायडिंग क्लबात काही वर्षांपासून घोडेस्वारी शिकत आहे. अलीकडेच शर्यतीतून निवृत्त झालेली एक थरोब्रेड घोडी मी सांभाळायला घेतली आहे. तबेल्यात ती अगदी गरीब असते, खरारा करताना डोळे मिटून उभी राहते. मात्र खोगीर चढवून तिला रिंगणाकडे नेऊ लागताच फाटकाच्या अलीकडे ती मान उंचावून थबकते, फुरफुरते, मागे सरते आणि फार आग्रह केला तर गिरकी घेऊन तबेल्याकडे वळते. आमच्या प्रशिक्षकांच्या मते हा हट्ट आहे आणि मागून चाबूक दाखवून चार वेळा आत घातली की ती सरळ होईल. तसे केल्यावर ती आत गेली, परंतु दुसऱ्या दिवशी आणखी आधीच थांबली. पावसाळा सुरू झाल्यापासून हे वाढले आहे. काय करावे?
— एक वाचक, दादर

उत्तर : चाबकाच्या धाकाने आत गेलेली घोडी दुसऱ्या दिवशी आणखी लांब थांबली, ही आपल्या पत्रातील सर्वांत मोलाची नोंद आहे. घोडा जेथे घाबरला ती जागा तो फार काळ लक्षात ठेवतो, आणि आता आपल्या घोडीच्या लेखी त्या फाटकाशी पुढे रिंगणाचे भय आहे व मागे चाबकाचे. प्रशिक्षकांचा अनुभव मोठा असेल, तरी या बाबतीत त्यांचा सल्ला मला मान्य नाही. ती बुजते आहे, आणि बुजणाऱ्या जनावराला शिक्षा केली की भीतीचे कारण खरे असल्याची त्याची खात्रीच पटते.

तरीही शिकवणीला हात घालण्यापूर्वी तिला कोठे दुखत नाही ना, हे पाहणे आवश्यक आहे. एके दिवशी खोगीर न चढवता, केवळ म्होरकी आणि दोर लावून तिला त्याच वाटेने न्यावे. तेव्हा ती निर्धास्तपणे आत गेली, तर संशय फाटकावर न घेता पाठ, तोंड, पाय आणि खोगिराचे माप यांच्यावर घ्यावा. पशुवैद्यांकडून पाठ व दात तपासून घ्यावेत, नालबंदाला खूर दाखवावेत आणि तंग, म्हणजे खोगीर बांधण्याचा पोटाखालचा पट्टा, आवळताना ती कान मागे पाडते का किंवा चावायला वळते का, हे सईसांना विचारावे, कारण रोज तिच्याजवळ असणाऱ्या माणसाला या गोष्टी आधी कळतात. शर्यतीच्या घोड्यांमध्ये जठरातील व्रणांचे प्रमाण फार मोठे असते आणि तंगाची चीड हे त्याचे एक लक्षण असू शकते. दुखणे असेल तर पुढचे सारे उपाय त्यानंतरचे.

ती म्होरकीवरही अडत असेल, तर तिच्या पूर्वायुष्याचा विचार करावा. मुंबईच्या रायडिंग क्लबांत येणारे पुष्कळ घोडे शर्यतीतून आलेले असतात. शर्यतीच्या घोड्याचा सराव बहुधा इतर घोड्यांच्या सोबतीने मोकळ्या ट्रॅकवर होतो, आणि दोन्ही बाजूंनी बंदिस्त अशी जी अरुंद जागा त्याला ठाऊक असते, ती शर्यत सुरू होण्याची, म्हणजे खडाड् आवाजासरशी दार उघडून जीव तोडून धावण्याची असते. अशा घोडीला एकटीने अरुंद फाटकातून जाऊन कुंपणाच्या आत सावकाश गोल फिरायला सांगणे म्हणजे तिने आजवर शिकलेल्या बहुतेक गोष्टींच्या उलट वागायला सांगणे आहे.

पावसाळ्यात त्रास वाढला, यालाही कारणे सापडतात. घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असल्याने त्याला जवळजवळ 350 अंशांचा परिसर दिसतो, मात्र दोन्ही डोळ्यांनी एकत्र दिसणारा पट्टा समोरचा साधारण 65 अंशांचाच असतो, आणि कपाळाच्या अगदी पुढचे व शेपटीमागचे त्याला दिसत नाही. उजेडातून अंधारात गेल्यावर त्याच्या दृष्टीला सरावायला आपल्यापेक्षा अधिक वेळ लागतो. लाल व हिरवा रंग त्याला वेगळे ओळखता येत नाहीत, पण निळा आणि पिवळा चांगले कळतात, म्हणून पावसाळ्यात मुंबईभर छपरांवर नि सामानावर पसरलेली आणि वाऱ्यावर फडफडणारी निळी ताडपत्री आपल्या नजरेत भरली नाही तरी त्याच्या नजरेत भरते. फाटकाशी साचलेल्या डबक्यात आभाळ चमकत असेल, तर ते किती खोल आहे हे त्याला लांबून कळणे अवघड असते. माणसाला साधारण 20 किलोहर्ट्झपर्यंतचे आवाज ऐकू येतात, घोड्याला सुमारे 33 पर्यंतचे. पत्र्याचा सूक्ष्म करकराट आपल्या कानी न पडता तिच्या कानी पडत असेल. त्यातच गणपती जवळ आले की ढोलताशांचा सराव सुरू होतो. एकदा फाटकाशी घोडीच्या डोक्याच्या उंचीवर नजर ठेवून उभे राहावे आणि काय हलते, काय चमकते, काय वाजते ते पाहावे. सैल ताडपत्री बांधून टाकणे आणि डबक्यात वाळू भरणे हा तासाभराचा उद्योग आहे, आणि तो घोडीला शिकवण्यापेक्षा सोपा आहे.

आता प्रत्यक्ष शिकवणीकडे येऊ. पहाटे, ऊन व उकाडा कमी असताना आणि रिंगण रिकामे असताना सुरुवात करावी. पहिले काही दिवस स्वार होऊ नये. हेल्मेट, हातमोजे व भक्कम बूट घालावेत, दोर लांब घ्यावा आणि तो हाताला कधीही गुंडाळू नये. तिच्या तोंडापुढे उभे राहून ओढू नये, खांद्याशी राहून चालावे. फाटकाकडे जाताना एका ठिकाणी तिची मान किंचित वर येईल, कान टवकारले जातील आणि पाऊल आखूड पडेल. भीतीची हद्द तेथून सुरू होते, आणि आपले सारे काम या हद्दीच्या अलीकडे करायचे आहे. घामावरून अंदाज बांधू नये, कारण आपल्या हवेत उभ्या घोड्यालाही घाम फुटतो. हद्दीच्या दोन पावले आधी थांबावे, तिला पाहू द्यावे, हुंगू द्यावे. मान खाली आली आणि श्वास मोकळा झाला की, तिने मागे वळण्यापूर्वी आपणच तिला शांतपणे वळवून परत न्यावे. थोड्या वेळाने पुन्हा यावे. माघार घ्यायला वाव आहे आणि त्यासाठी गिरकी घ्यावी लागत नाही, हे तिच्या ध्यानात येऊ लागले की हद्द आपोआप फाटकाकडे सरकते. माझ्या मते या साऱ्या उपचारातील हाच भाग सर्वांत महत्त्वाचा आहे, आणि घाईमुळे माणसे नेमका तोच गाळतात.

शाबासकीसाठी मानेवर थापट्या मारण्याऐवजी मान व पाठ मिळते त्या उंचवट्याशी हळूहळू खाजवावे. घोडे एकमेकांना तेथेच खाजवतात, आणि तेथे खाजवल्याने हृदयाचे ठोके मंदावतात असे अभ्यासात दिसले आहे. विश्रांती घेणाऱ्या निरोगी घोड्याचे ठोके मिनिटाला सुमारे 28 ते 44 असतात. जबड्याखालच्या धमनीवर बोटे ठेवून ते मोजायला सईसांकडून शिकून घ्यावे, म्हणजे तिच्या मनःस्थितीचा अंदाज केवळ डोळ्यांवर सोपवावा लागणार नाही. गाजराचे तुकडे जरूर द्यावेत, परंतु फाटकापलीकडे घमेले धरून तिला लोभाने आत ओढू नये. खाण्यासाठी मान लांबवून आत आलेली घोडी एकाएकी भानावर येते आणि अधिकच बिथरते.

क्लबात एखादा वयस्कर, शांत घोडा असेल तर त्याला पुढे चालवून ती मागून आत गेल्यास फार मदत होते. त्याचे अंतर मात्र हळूहळू वाढवत न्यावे, नाहीतर तिला त्याचीच सवय लागते.

ती आत आली की तेथे काम घेऊ नये. रिंगणाच्या मध्यावर खरारा करावा, थोडे गवत खाऊ द्यावे आणि ती निवांत असतानाच बाहेर आणावे. आजवर आत म्हणजे मेहनत आणि बाहेर म्हणजे सुटका, असा तिचा हिशेब असेल, तो बदलायला हवा. पुढे स्वारी सुरू झाल्यावरही खोगीर फाटकाशी न उतरवता आत, मध्यावर उतरवावे. डावीकडून पाहिलेली वस्तू उजवीकडून येताना तिला नव्याने बुजवू शकते, म्हणून दोन्ही दिशांनी सावकाश फिरवावे. दुडकी आणि कॅन्टर, म्हणजे संथ दौड, नंतर.

एक गोष्ट आपल्याबद्दल. 2009 मध्ये स्वीडनमधील संशोधकांनी प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात, घोडा चालवणाऱ्यांना आणि स्वारांना यावेळी शेजारी छत्री उघडली जाईल असे सांगण्यात आले होते. छत्री उघडलीच नाही, तरी माणसांचे आणि घोड्यांचेही ठोके वाढले. फाटक जवळ येताच आपण श्वास रोखून दोर आखडत असाल, तर तिला तीच धोक्याची सूचना वाटते. मोठ्याने, संथपणे बोलत चालावे. बोलताना श्वास रोखता येत नाही. ज्या दिवशी कामावरच्या ताणामुळे मन थाऱ्यावर नसेल, त्या दिवशी फाटकाकडे न जाता नुसता खरारा करावा.

प्रश्न : याच घोडीला काही दिवस गुंगीचे औषध देऊन रिंगणात नेले, तर तिची भीती मोडेल का? सईसांनी तसे सुचवले आहे.
— तेच वाचक

उत्तर : गुंगीच्या औषधाने पाय जड होतात, पण भीती जातेच असे नाही, आणि गुंगीत शिकलेले शुद्धीवर आल्यावर टिकेल याचा भरवसा धरता येत नाही. अशा घोडीचा तोल जाऊन ती अडखळू शकते, म्हणून तिच्यावर स्वार होणे दोघांसाठीही धोक्याचे आहे. सईसांचा हेतू चांगला आहे, त्यांना हे समजावून सांगावे. दिवाळीच्या फटाक्यांसारख्या प्रसंगी तबेल्यातल्या घोडीला औषधाची गरज वाटलीच, तर ते कोणते व किती द्यावे हे पशुवैद्यांनी तिला तपासून ठरवावे, आणि त्याचा अंमल पुरता उतरेपर्यंत तिच्यावर खोगीर चढवू नये.