त्वचेतली वीज आणि टाचेची भेग

प्रश्न : माझ्या सासूबाई 71 वर्षांच्या आहेत, मधुमेहाला 14 वर्षं झाली. मागच्या महिन्यात सुदामा नगरात एक शिबिर होतं. तिथे त्यांच्या मनगटावर दोन चकत्या लावून मशीनने आकडा काढला. ‘त्वचेची वीज 42 टक्के, त्वचा कमजोर’ असा कागद हातात दिला आणि 3,800 रुपयांचं क्रीम घ्यायला सांगितलं. तिथेच थोडं क्रीम लावून पुन्हा मोजलं, तर 68 आले! त्यांच्या टाचेला भेग आहे, महिना झाला तरी भरत नाही. त्वचेत खरंच वीज असते का? क्रीम घ्यावं का?
– एक वाचक, इंदूर

उत्तर : ताई, वीज असते. त्वचेच्या पेशी सोडियमचे कण सतत आतल्या बाजूला ढकलत असतात. त्यामुळे आतली बाजू धन, वरची ऋण राहते. फरक साधारण तीस मिलिव्होल्टचा, म्हणजे घड्याळात घालतो त्या दीड व्होल्टच्या सेलच्या पन्नासाव्या भागाच्या आसपास. कापलं की तिथून विजेचा बारीक प्रवाह बाहेर झिरपतो. 1843मध्ये जर्मनीत एमिल द्यू बुआ-रेमों या शरीरक्रियाशास्त्रज्ञाने स्वतःच्या कापलेल्या बोटावर तो मोजला होता. जखमेच्या कडेच्या पेशींना कुठल्या दिशेला सरकायचं, याची एक खूण या प्रवाहातून मिळते. वय वाढतं तशी जखमेजवळची ही वीज कमी होते, हेही मोजून पाहिलेलं आहे. तेव्हा विषय खोटा नाही. त्याचं नाव घेऊन जे विकलं जातंय, त्याचा मला राग आहे.

शरीरक्रियाशास्त्राच्या प्रात्यक्षिकात मी हे वर्षानुवर्षं मुलांकडून करून घेतलं. चांदीच्या दोन छोट्या चकत्या, खाली खारट जेली. एक तळहातावर, दुसरी दंडाच्या खाली कोपराजवळ. ही दुसरी जागा आधी बारीक सँडपेपरने हलक्या हाताने घासायची, वरचा कोरडा थर निघून त्वचा जराशी ओलसर, गुलाबी दिसेपर्यंत. ते केलं नाही तर आतल्या बाजूपर्यंत पोचताच येत नाही, कारण तो मृत पेशींचा थर वीज अडवतो. घासून झालं की चकत्यांना जोडलेल्या मीटरचा काटा शून्याखाली उतरायचा. मग मी मागून जोरात टाळी वाजवायची. मुलगा दचकायचा, आणि दोन-एक सेकंदांनी काटा हलायचा. घामाच्या ग्रंथी जाग्या झाल्या, एवढंच कारण. मे महिन्यात कूलर बंद पडला की त्या दिवशीचे आकडे कालच्याशी जुळायचेच नाहीत.

आता शिबिर आठवा. मनगट घासलं नाही, सुई टोचली नाही. दोन्ही चकत्या त्वचेच्या वरच. त्यातून कळतो तो बहुधा वरच्या थराचा ओलावा आणि घाम. क्रीममध्ये पाणी असतं, ते लावताच तो थर ओला होतो, वीज सहज वाहते, आकडा वाढतो. साधं पाणी लावलं असतं तरी वाढला असता. शिवाय विद्युतविभव, म्हणजे आत-बाहेरचा तो विजेचा फरक, मिलिव्होल्टमध्ये सांगतात, टक्क्यांत नाही. जपानच्या तोहोकू विद्यापीठातले संशोधक फार बारीक सुया वापरून, फारसं न दुखवता, आतलं खरं विभव मोजायचा मार्ग शोधत आहेत. त्यातून उद्या दवाखान्यात उपयोगी पडेल असं काही निघालं तर मला फार आनंद होईल.

क्रीम घेऊ नका. पण ताई, मला काळजी त्या भेगेची वाटते. मधुमेहात पायाच्या नसा मंद होतात, घाम कमी येतो, टाच कोरडी पडून फाटते, आणि दुखत नाही म्हणून कुणी बघत नाही. महिनाभर न भरणारी भेग घरी सांभाळायची नाही. या आठवड्यातच डॉक्टरांकडे न्या. लाली, पू, वास किंवा ताप असेल तर आजच. ते पायाची नाडी बघतील आणि नायलॉनच्या एका तंतूने तळव्याला स्पर्श कळतो का ते तपासतील. तोवर ब्लेडने टाच खरवडू नका, गरम पाण्यात पाय बुडवू नका. रोज रात्री उजेडात दोन्ही तळवे तुम्ही स्वतः बघा. त्यांना वाकून दिसत नसणार. खजराण्याच्या गणपतीला नेत असाल तर दुपारच्या तापलेल्या फरशीवर अनवाणी चालवू नका, फोड आला तरी त्यांना कळणार नाही. डॉक्टरांकडे जाताना शिबिराचा कागद राहू द्या, साखरेचे मागचे रिपोर्ट न्या.