पेरू देशात पाराकास इथे सापडलेल्या लांबट कवट्यांना मागे दोन छिद्रं असतात आणि आत रक्तवाहिन्यांच्या वेगळ्याच खुणा असतात, मग त्या खरंच माणसांच्या आहेत का?

हो, माणसांच्याच आहेत. आणि त्याचा चांगला पुरावा नेमका त्या रक्तवाहिन्यांच्या खुणांमध्येच आहे, ज्या यूट्यूबवर उलट्या बाजूने, या कवट्या परग्रहवासीयांच्या आहेत असं सांगायला वापरल्या जातात. मी मेडिकल कॉलेजला अ‍ॅनाटॉमी शिकवते, कवट्या रोज हातात असतात, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी ती छिद्रं. माथ्याच्या मागच्या भागात, मधल्या शिवणीच्या (दोन हाडं जुळतात त्या रेषेच्या) दोन बाजूंना असतात त्यांना पराइटल फोरामेन म्हणतात आणि निम्म्याहून जास्त माणसांच्या कवटीत किमान एक तरी सापडतं, कुणाला दोन्ही बाजूंना, कुणाला एकही नाही. त्यातून एक बारीक शीर जाते जी डोक्याच्या कातडीतलं रक्त आतल्या मोठ्या शिरेला, म्हणजे साजिटल सायनसला जोडते. आमच्या डिपार्टमेंटच्या साध्या गोल कवट्यांमध्येही ही छिद्रं आहेत.

आता आतली बाजू. कवटीचं वरचं झाकण काढून उलटं धरलं की बाजूच्या हाडावर पिंपळाच्या पानाच्या शिरांसारख्या खाचा दिसतात. मिडल मेनिंजियल आर्टरी, म्हणजे मेंदूच्या आवरणाला रक्त देणारी धमनी, आणि तिच्यासोबतच्या शिरा यांचा तो ठसा. ही आर्टरी कवटीच्या तळातल्या एका बारीक छिद्रातून आत येते, मग तिच्या पुढची आणि मागची अशा दोन मुख्य फांद्या होतात. लक्षात घ्यायची गोष्ट अशी की रक्तवाहिन्या आधी असतात आणि हाड त्यांच्याभोवती घडत जातं, त्यामुळे बाळाचं डोकं कुठल्या दिशेने वाढलं, कुठे दाब होता, हे सगळं त्या खाचांमध्ये नोंदलं जातं.

बाळाचा मेंदू पहिल्या वर्षात दुपटीहून जास्त होतो आणि पुढची टाळू साधारण दीड वर्षाच्या आसपास भरते, तोवर हाडं सुटी आणि कोवळी असतात. डोक्याला मुद्दाम आकार द्यायचा, जसा या लांबट कवट्यांना दिलेला आहे, तर तेव्हाच. (आपल्याकडेही टाळूवर तेल घालतात, डोकं गोल व्हावं म्हणून मोहरीची उशी देतात, वेळ नेमकी तीच.) पाराकासला मुख्यतः कापडी पट्ट्या गोल गुंडाळायचे, त्यामुळे डोकं मागे आणि वर लांब व्हायचं. मध्य अमेरिकेतल्या माया लोकांकडे फळ्या होत्या, सोळाव्या शतकात त्यांच्या युकातान प्रदेशात राहिलेला बिशप दिएगो दे लांदा लिहितो की जन्मानंतर चार-पाच दिवसांत बाळाच्या कपाळावर एक आणि मागे एक अशा दोन फळ्या बांधायचे, त्याने डोकं पुढून-मागून चपटं आणि बाजूंना रुंद होतं.

मेंदू काही वाढायचा थांबत नाही, एका बाजूने अडवला की दुसरीकडे जागा करतो, म्हणून कवटीचं आकारमान एकूण नेहमीच्या माणसांच्या रेंजमध्येच राहतं. रक्तवाहिन्याही तशाच वागतात. दाबाखालच्या भागात ठसे उथळ होतात, फांद्यांची दिशा बदलते, आणि पट्टीवाल्या कवटीतला पॅटर्न फळीवाल्या कवटीपेक्षा वेगळा येतो. १९९०च्या दशकात अभ्यासकांनी अशा कवट्यांची तुलना थेट क्रॅनिओसिनोस्टोसिसच्या कवट्यांशी केली, म्हणजे ज्या बाळांच्या कवटीची शिवण जन्मतःच किंवा फार लवकर बंद होते आणि डोकं वाकडं वाढतं त्यांच्याशी. कारण वेगळं, पण वाढ अडली की रक्त दुसरी वाट शोधतं हे दोन्हीकडे आहे. मूळ आराखडा मात्र तोच राहतो, आर्टरी तिच्याच छिद्रातून आत येते, साजिटल सायनस मध्यरेषेतून मागे जाऊन बहुतेकदा उजवीकडे वळतो. परग्रहावरच्या जिवात हे इतकं तंतोतंत जुळण्याचं काहीच कारण नाही.

‘मधली शिवणच नाही’ हा दुसरा दावा असतो. शिवणी वयानुसार भरून पुसट होतात, साध्या म्हाताऱ्या माणसाच्या कवटीत बघा, आणि पाराकासच्या कितीतरी कवट्यांमध्ये ती शिवण स्पष्ट दिसते.

मला या एलियनवाल्या व्हिडिओंचा मनापासून राग येतो. पेरूचे पुरातत्त्वज्ञ हुलिओ टेलो यांनी १९२७ मध्ये पाराकासच्या वारी कायान दफनभूमीत कापडात गुंडाळलेल्या चारशेहून जास्त ममी शोधल्या. ते स्वतः अँडीजमधल्या क्वेचुआ बोलणाऱ्या घरातले आणि शिक्षणाने डॉक्टर. ही त्यांच्याच मातीतली माणसं, कुणीतरी महिनोन् महिने रोज त्या पट्ट्या सोडून पुन्हा बांधल्या असणार, बाळाला जपत, आणि आपण ते श्रेय आकाशातल्या कुणाला तरी देऊन मोकळे होतो.

एक सांगायचं राहिलं. पाराकासच्या काही कवट्यांना मोठी छिद्रंही असतात, ती मात्र नैसर्गिक नाहीत, तिथले लोक कवटीवर शस्त्रक्रिया करायचे, ट्रेपनेशन म्हणतात तिला. ओळखायचं कसं, तर शिरेचं छिद्र सहसा एक-दोन मिलिमीटरचं आणि मध्यरेषेजवळ असतं. शस्त्रक्रियेचं कितीतरी मोठं, कुठेही, आणि माणूस त्यानंतर जगला असेल तर कडा नव्या हाडाने गोलसर गुळगुळीत झालेल्या असतात. पाराकासच्या बऱ्याच कवट्यांमध्ये त्या तशाच आहेत.