पहिला मेकॅनिकल कीबोर्ड: ऑफिसात रोज आठ तास टायपिंग आहे, ब्लू, ब्राउन की रेड स्विच घेऊ?

स्विच म्हणजे प्रत्येक कीखालचं बटण, आणि त्याच्या रंगावरून प्रकार कळतो. ऑफिसात असाल तर ब्लू आधी बाद करा. दुकानात त्याची टकटक गोड वाटते, शेजारच्या टेबलावरच्या माणसाला दुपारपर्यंत नकोशी होते. चेरी कंपनीचा रेड साधारण ४५ ग्रॅम दाबाला, २ मिमी खाली गेल्यावर अक्षर उमटवतो. वाटेत काहीच अडखळत नाही. ब्राउनला थोडा जास्त दाब लागतो आणि मध्ये बारीकसा उंचवटा जाणवतो. हलक्या हाताला रेड, बोटं आपटायची सवय असेल तर ब्राउन. मला स्वतःला ब्राउनचा तो उंचवटा असून नसल्यासारखाच वाटतो, पण ते असो.

खरं तर रंगापेक्षा कीबोर्ड हॉट-स्वॅप आहे का ते आधी बघा. असेल तर स्विच चिमट्याने उपटून दुसरा बसवता येतो, सोल्डरिंग लागत नाही. बसवताना खालच्या दोन्ही तांब्याच्या पिना सरळ आहेत ना, ते बघून अगदी सरळ दाबा. माझी पहिल्याच दिवशी एक पिन दुमडली आणि ‘ए’ उमटेना. अर्धा तास केबल बदलत बसलो! शेवटी भुवयांच्या चिमट्याने पिन सरळ केली. पाच पायांचा स्विच तीन पायांच्या बोर्डात जात नसेल तर प्लॅस्टिकचे दोन जादा पाय नेलकटरने कापा, बिनधास्त.

स्पेसबार खडखडला तर दोष बहुधा स्विचचा नसतो, खालच्या स्टॅबिलायझरच्या, म्हणजे लांब की सरळ खाली जावी म्हणून बसवलेल्या आधाराच्या, तारेचा असतो. तारेच्या टोकांना थोडं ग्रीस लावा. कीकॅप, म्हणजे कीवरच्या टोप्या, पीबीटी प्लॅस्टिकच्या घ्या, एबीएस प्लॅस्टिकच्या लवकर तुळतुळीत होतात.