पोटाच्या ईजीजी तपासणीला (पोटावर इलेक्ट्रोड लावून जठराच्या विद्युत लहरी मोजतात ती) जाताना उपाशी राहण्याखेरीज काय तयारी करावी लागते?

उपाशी राहणं ही त्यातली सगळ्यात सोपी गोष्ट. घोटाळा होतो तो गोळ्यांपाशी, आणि तेच कोणी नीट सांगत नाही.

मला फोनवर "रात्रीपासून काही खाऊ नका" एवढंच सांगितलं होतं. खाल्लं नाही. पण सकाळी मळमळ सोसवेना म्हणून दोन घोट पाण्याबरोबर नेहमीची डॉम्पेरिडोन घेतली. पोटावरची त्वचा लाल होईपर्यंत घासून झाली, इलेक्ट्रोड चिकटले, तारा जोडल्या आणि तेव्हा तंत्रज्ञ बाईंनी विचारलं, "आज कुठली गोळी घेतलीत?" मी सांगितलं. त्यांनी मुकाट्याने एकेक इलेक्ट्रोड सोलून काढला. जठराला चालना देणारी गोळी पोटात असताना जठराचा ताल मोजून उपयोग काय?

परतताना मोठा भाऊ म्हणाला, "बघ, तिथेही काही निघालं नाही. सगळं मनाचं आहे तुझ्या." हे मी दोन वर्षं ऐकत होते. एंडोस्कोपी स्वच्छ, सोनोग्राफी स्वच्छ, म्हणजे मी नाटकं करते! अहो, एंडोस्कोपीत जखम दिसते, ताल दिसत नाही. निरोगी जठरात मिनिटाला साधारण 3 विद्युत लहरी उठतात. हे 1920च्या दशकापासून माहीत आहे, तरी घरच्यांना पटवताना माझा घसा कोरडा पडला.

दुसऱ्या वेळी डॉक्टरांना विचारून गोळ्या 3 दिवस आधी बंद केल्या. आधी उपाशीपोटी, मग ठरलेलं खाणं देऊन पुन्हा, असं दोनदा मोजतात. तेवढा वेळ बोलायचं नाही, कूस बदलायची नाही. हे संकेत इतके क्षीण असतात की एका खोकल्याने आलेख बिघडतो. भाऊ शेजारी बसून बोलत राहिला, तेव्हा मी त्याला बाहेर जायला सांगितलं. खाल्ल्यावर लहरी जोरकस व्हायला हव्यात. माझ्या झाल्या नाहीत, ताल पार विस्कटला. तो कागद मी भावासमोर ठेवला. त्याने दोनदा वाचला. "मनाचं" हा शब्द त्याने पुन्हा काढलेला नाही.

तेव्हा सोबत न्यायचंच असेल तर तुमच्या त्रासावर विश्वास असलेलं माणूस न्या. पोटाला तेल, क्रीम लावू नका, सैल कपडे घाला, धूम्रपान टाळा.

हो, गोळ्या मनाने बंद करू नका. पोटातल्या मुरड्याच्या, तीव्र वेदनेच्या, उलटीच्या सगळ्या गोळ्यांची यादी डॉक्टरांना दाखवा, कुठली किती दिवस थांबवायची ते तेच ठरवतील. या एका आलेखावर निदान होत नाही, माझंही जठर रिकामं व्हायला किती वेळ लागतो ते वेगळं तपासलं. आणि मधुमेह असेल तर उपाशीपोटी इन्सुलिनचं काय करायचं ते आधी विचारून घ्या, कारण वाढलेल्या साखरेनेही हा ताल बिघडतो.