आईच्या तपासणीला संमती मुलाची?

प्रश्न : माझ्या ७४ वर्षांच्या आईच्या हृदयाचे ठोके अनियमित पडतात. शॉक देण्याआधी हृदयात गुठळी नाही ना, हे पाहायला एका खासगी रुग्णालयात तिची टीईई, म्हणजे अन्ननलिकेत नळी घालून करायची इको, केली. आई पूर्ण शुद्धीत होती, पण संमतीपत्रावर सही माझी घेतली. वर्षभर ती पोळी आमटीत भिजवूनच खाते, एरवी घास अडकतो. तपासणीनंतर मान दुखतेय, थुंकीही गिळवत नाही, असं ती सांगत होती. ‘घसा खवखवतोच’ म्हणून संध्याकाळी घरी सोडलं. रात्री ताप, सकाळी मानेला सूज. दुसऱ्या रुग्णालयात सीटी स्कॅनमध्ये अन्ननलिकेला छिद्र निघालं. ऑपरेशन, आयसीयू, नऊ लाखांचा खर्च. पहिलं रुग्णालय म्हणतं, ही माहीत असलेली गुंतागुंत आहे, तुम्ही सही केलीय. आता थोडे पैसे परत देऊन ‘तक्रार नाही’ असं लिहून मागतायत. नातेवाईक म्हणतात, पोलिसांत जा.
— एक वाचक, कर्वेनगर

उत्तर : पोलिसांचा विषय आधी संपवू. सर्वोच्च न्यायालयाच्या जेकब मॅथ्यू निकालानुसार (२००५) डॉक्टरवर फौजदारी कारवाईला ढोबळ बेपर्वाई दिसावी लागते आणि पोलिसांनी आधी तटस्थ वैद्यकीय मत घ्यायचं असतं. पुण्यात ते प्रकरण साधारणपणे ससूनच्या समितीकडे जातं. त्यात महिने जातील आणि हाती बहुधा काही लागणार नाही. तुमची जागा ग्राहक आयोगात आहे.

तिथेही ‘छिद्र पडलं म्हणजे हलगर्जी झाली’ एवढ्यावर जाऊ नका. दहा हजारांत बोटांवर मोजण्याइतक्या रुग्णांना असं होतं, निष्णात हातांकडूनही होतं. ‘हा धोका सांगितला नव्हता’ हेही एकटं टिकणार नाही. समीरा कोहली निकालात (२००८) सर्वोच्च न्यायालयाने दुर्मीळ, दूरचे धोके सांगायलाच हवेत असं म्हटलेलं नाही. पण त्याच निकालात सज्ञान, सक्षम रुग्णाऐवजी तिच्या आईने दिलेली संमती ग्राह्य धरली नाही. आपल्याकडे फॉर्म सर्रास नातेवाइकांपुढे सरकवतात. तुमच्या सहीचा धाक ते घालतायत, पण आई शुद्धीत असताना तिची सही का नाही, याचं उत्तर त्यांना द्यावं लागेल.

खरा जोर मात्र दोन ठिकाणी आहे. नळी घालण्याआधी ‘गिळताना त्रास होतो का?’ हे विचारायचंच असतं, कारण अन्ननलिका अरुंद असेल किंवा तिला पिशवीसारखा फुगवटा असेल तर ही तपासणी टाळतात, नाहीतर आधी पोटविकारतज्ज्ञाला दाखवतात. तपासणीपूर्व फॉर्मवर त्या रकान्यात काय लिहिलंय ते बघा. ‘नाही’ असेल, तर ते कुणाला विचारून लिहिलं?

दुसरं, ती संध्याकाळ. गुंतागुंत माहीत होती ना? मग मान दुखतेय, थुंकी गिळवत नाही, हे ऐकल्यावर तीच पहिल्यांदा आठवायला हवी होती. मान चाचपून कातडीखाली हवा शिरलीय का पाहणं, सीटी काढणं, तोंडाने काही न देता थांबवून ठेवणं, यातलं काय केलं? अशा छिद्राच्या उपचाराला उशीर झाला की जिवाचा धोका वाढतो. ‘माहीत असलेली गुंतागुंत’ हा बचाव इथे त्यांच्याच अंगाशी येतो.

आजच रुग्णालयाला लेखी अर्ज द्या, पोच घ्या. २००२च्या वैद्यकीय आचारसंहितेनुसार मागणीनंतर ७२ तासांत कागद द्यायचे असतात. डिस्चार्ज कार्डवर भागवू नका. नर्सिंग नोट्स, भूल किंवा गुंगीची नोंद, घरी सोडल्याची वेळ, सगळं मागा. त्या रात्री रुग्णालयाला फोन केला असेल, तर मोबाइलमधल्या त्याच्या नोंदीचे स्क्रीनशॉट घ्या.

सर्वोच्च न्यायालयाच्या किशन राव निकालानंतर (२०१०) प्रत्येक प्रकरणात तज्ज्ञाचं मत सक्तीचं नाही. तुमच्यात मात्र घ्याच. गावातले डॉक्टर एकमेकांविरुद्ध लिहायला कचरतात, हा माझाही अनुभव. मुंबईतल्या वैद्यकीय महाविद्यालयाचे निवृत्त प्राध्यापक गाठा. दुसऱ्या रुग्णालयाच्या सर्जनच्या नोंदी तर आयत्याच हाताशी आहेत.

पहिल्या रुग्णालयाला दिलेली रक्कम पन्नास लाखांच्या आत असल्याने तक्रार पुणे जिल्हा आयोगात, आईच्या नावे. मुदत दोन वर्षांची. ती छिद्र पडल्याच्या दिवसापासूनच मोजा, ऑपरेशन किंवा शेवटच्या बिलापासून नाही.

‘तक्रार नाही’च्या कागदावर तोपर्यंत ना तुम्ही सही करायची, ना आईने. पैसे परत करायचेच असतील तर कशापोटी देताय, हे त्यांना लेखी विचारा.