टॅबवर बोलायला लागला, तर तोंडाने बोलणं राहूनच जाईल का?

प्रश्न : ताई, माझा मुलगा सात वर्षांचा आहे, स्वमग्न (ऑटिझम असलेला). ‘आई’ आणि ‘नको’ सोडले तर शब्द नाहीत. शाळेतल्या बाईंनी टॅबवर चित्रं दाबून बोलायचं ॲप सुचवलंय. सासूबाई म्हणतात, यंत्र बोलायला लागलं की पोरगं तोंडच उघडणार नाही. शिवाय एक सेंटर ‘एआय थेरपी’चं वर्षाचं पॅकेज घ्या म्हणून मागे लागलंय, त्यात रोज घरचे व्हिडिओ पाठवायचे. काय करू? – एक आई, सिडको, नाशिक

उत्तर : सासूबाईंना माझा नमस्कार सांगा. ही भीती मला बहुतेक घरांत भेटते आणि ती मायेपोटीच असते. पण चित्रांतून बोलणाऱ्या मुलांवर बरंच संशोधन झालंय. त्यामुळे मुलाचं बोलणं मागे पडतं, असं त्यात दिसलेलं नाही. काही मुलांचे तोंडचे शब्द थोडे वाढलेलेही दिसले. मनातलं समोरच्याला कळलं की मुलाची चिडचिड कमी होते, आणि तोच शब्द दर वेळी त्याच उच्चारात कानावर पडतो. तेव्हा टॅब द्या, आणि स्पीच थेरपीही सुरूच ठेवा.

आयआयटी मुंबईत तयार झालेलं ‘जेलो’ मोफत आहे, मराठीतही चालतं. चेन्नईचं ‘आवाज’ही पुष्कळ मुलं वापरतात. कुठलंही घ्या, मेहनत त्यात शब्द भरण्याची आहे. माझ्या वर्गातल्या एका मुलीच्या ॲपमध्ये ‘नदी’चं निळं चित्र होतं, ते ती कधी दाबायची नाही. तिच्या घरी सगळे गोदावरीला गंगाच म्हणतात, ‘गंगेवर जाऊ’ म्हणायचे. आम्ही गोदाघाटाचा फोटो टाकला, खाली ‘गंगेवर’ लिहिलं, आवाज तिच्या मावसभावाचा भरला. मग रोज संध्याकाळी ते बटण वाजायला लागलं. तुमच्या मुलाच्या ॲपमध्येही बर्गर-पिझ्झाच्या आधी भाकरी, चिवडा, पंचवटीची आजी येऊ द्या. त्याहून महत्त्वाचे शब्द म्हणजे ‘नको’, ‘थांब’, ‘आणखी’, ‘दुखतंय’. खाऊ मागता येणं चांगलंच, पण दाढ दुखतेय हे सांगता न येणारं मूल रात्रभर रडतं आणि आपण त्याला हट्टी म्हणतो. ते मला बघवत नाही.

दुसरं, टॅब फक्त त्याने वापरायचा नाही. ‘चल, जेवू या’ म्हणताना तुम्ही स्वतः ‘जेवण’ दाबा. उत्तराची घाई करू नका, ‘दाब, दाब’ म्हणून हात धरू नका. बोलती होणारी मुलंसुद्धा आधी कितीतरी महिने नुसतं ऐकत असतात. सासूबाईंनाही एक-दोन बटणं शिकवा. आजीने दाबलेलं मुलं फार लक्ष देऊन बघतात.

एआय म्हणाल, तर काही ॲप पुढचा शब्द ओळखून बटणांच्या जागा बदलतात. ती सोय असेल तर बंद करा. मुलाच्या बोटाला जागा पाठ होते. रोज जागा हलली तर त्याला रोज नव्याने शोधावं लागतं. त्यापेक्षा सलूनमध्ये केस कापताना काय काय होतं, किंवा गणपतीत ढोल वाजला की काय करायचं, अशी छोटी गोष्ट मुलाला वाचून दाखवायला एआयकडून लिहून घ्या. एआय वाक्यं लांबलचक करतं, ती तोडा. चित्रांऐवजी आपल्याच गल्लीतले फोटो लावा. आणि लिहून घेताना मुलाचं नाव किंवा दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र त्यात टाकू नका.

पॅकेज माझ्या मते घेऊ नका. व्हिडिओ कोण बघणार, कुठे साठवणार, मागितले तर पुसणार का, हे लेखी विचारा. 2023च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने 18 वर्षांखालच्या मुलाच्या माहितीसाठी पालकांची संमती गरजेची मानली आहे. ‘नाही’ म्हणायचा हक्क तुमचा आहे. ते पैसे थेरपिस्टच्या प्रत्यक्ष भेटींना ठेवा.

प्रश्न : माझ्या चौथीच्या वर्गातली एक मुलगी अडखळत वाचते. एका ॲपने तिचं वाचन ऐकून ‘डिस्लेक्सियाची शक्यता’, म्हणजे वाचन-लेखन शिकण्यातल्या अक्षमतेची शक्यता, दाखवली. पालकांना सांगू का? – एक शिक्षक, बागलाण तालुका

उत्तर : सर, ‘डिस्लेक्सिया’ हा शब्द एवढ्यात उच्चारू नका. मुलगी घरी अहिराणी बोलते का, हे आधी बघा. पुस्तकी मराठी ऐकून तयार झालेलं यंत्र अहिराणी वळणाचा उच्चार चूक म्हणून मोजू शकतं. डोळे आणि कान तपासून घ्या. एनसीईआरटीचं ‘प्रशस्त’ हे ॲपसुद्धा प्राथमिक चाळणीपुरतंच आहे, निदान त्यातून होत नाही. 2016च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या 21 प्रकारांत अध्ययन अक्षमता आहे (डिस्लेक्सिया त्यातच येतो), मात्र तिचं प्रमाणपत्र सरकारने नेमलेल्या वैद्यकीय यंत्रणेकडूनच मिळतं. पालकांना एवढंच सांगा की वाचनाला तिला मदत लागतेय आणि आपण तपासणी करून घेऊ. तिच्या वहीची पानं आणि ती कुठल्या अक्षरांवर अडते याची नोंद तालुक्याच्या समावेशित शिक्षण विशेष तज्ज्ञांना दाखवा. तोवर धडा तिला आधी वाचून दाखवा, तोंडी उत्तरं घ्या, आणि सगळ्या वर्गासमोर मोठ्याने वाचायला उभं करू नका.